कॉमर्सच्या संगणकाच्या पेपरात नोंद कुठे आहे?

बी.कॉम. आणि बीबीएच्या पहिल्या वर्षाला 'व्यवसायातील संगणक आणि माहिती तंत्रज्ञान' अशा किंवा जवळपासच्या नावाचा एक विषय असतो. त्याचं पुढे काय करायचं, यावर पुण्यातल्या कॉलेजांत सध्या बराच वाद ऐकू येतो. एक बाजू म्हणते, एआय आलं, आता एक्सेलचे फॉर्म्युले आणि टॅलीची बटणं शिकवण्यात मुलांचं वर्ष घालवू नका, सरळ एआय आणि थोडं कोडिंग शिकवा. दुसरी बाजू म्हणते, भोसरीतल्या कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात किंवा सदाशिव पेठेतल्या सीएच्या ऑफिसात मुलाखतीला गेलेल्या मुलीला टॅली येतं का, यादीतून हवी ती माहिती शोधून आणणारं एक्सेलमधलं व्हीलुकअप येतं का, एवढंच विचारतात. तेव्हा तेच घट्ट करून घ्या. दोघंही तळमळीने बोलतात, पण दोघंही साधन कुठलं शिकवायचं यावरच भांडतात. माझ्या मते हा पेपर साधनाचा नाहीच. धंद्यातली नोंद संगणकात शिरते कशी, तिला कोण तपासतं, ती बदलायचा अधिकार कुणाला असतो आणि ती हरवली तर परत कशी मिळवायची, हा या पेपराचा विषय आहे. तो आज जवळजवळ कुणीच शिकवत नाही, आणि वादातही त्याचं नाव निघत नाही.

पेपराची सुरुवात बहुतेक ठिकाणी संगणकाच्या पिढ्यांपासून होते. पहिली पिढी निर्वात नळ्यांची, दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी आयसीची. मग इनपुट साधनं, आउटपुट साधनं, रॅम आणि रॉममधला फरक. १९४६ सालचा एनिअ‍ॅक आणि त्यातल्या अठरा हजारांच्या आसपास नळ्या पाठ करून मुलं परीक्षेला बसतात. इतिहास शिकवूच नये, असं मी म्हणणार नाही. पण एनिअ‍ॅक बांधला होता तोफांच्या माऱ्याची कोष्टकं काढण्यासाठी. कॉमर्सच्या मुलांनी तिथून सुरुवात का करावी? धंद्यातल्या संगणकाची गोष्ट चहाच्या दुकानांपासून सुरू होते. लंडनची जे. लायन्स ही कंपनी चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवायची. केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हे यंत्र तयार होत होतं, त्याला तिने पैशांची मदत केली, त्याच धर्तीवर स्वतःचा 'लिओ' नावाचा संगणक बांधला, आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाच्या किमतीचा हिशेब चालू केला. पुढे पगारपत्रकं आली. एका माणसाचा पगार काढायला अनुभवी कारकुनाला आठ मिनिटं लागत, तो दीड सेकंदात निघू लागला. मुलांना सांगायची गोष्ट मात्र या वेगाच्या आधीची आहे. यंत्र येण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून या कंपनीत एक खातं फक्त कारकुनी कामाचा अभ्यास करत होतं. कुठला कागद कुणाकडून कुणाकडे जातो, कुठला आकडा दोनदा लिहिला जातो, कुठलं पत्रक कुणी वाचतच नाही, याची छाननी झालेली होती. म्हणून यंत्र आल्यावर त्याला काय काम द्यायचं हे त्यांना कळलं. पहिल्या धड्यात हा अभ्यास यायला हवा.

आता नोकरीचा मुद्दा घेऊ, कारण तो सगळ्यात वजनदार आहे. जुन्नर-भोरकडून आलेल्या, घरात पहिल्यांदाच लॅपटॉप आलेल्या मुलाला फाइल कुठे सेव्ह झाली हेच सापडत नसेल, तर त्याला नोंदीचं तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही. त्याचे हात कळफलकावर बसलेच पाहिजेत, टॅलीत व्हाउचर टाकता आलंच पाहिजे. हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण बटणं येणाऱ्या मुलांची नोकरीत पहिल्या महिन्यात फजिती होते ती कशामुळे? एक प्रसंग अगदी जवळून पाहा. मार्केट यार्डातल्या भुसार व्यापाऱ्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून महिन्याच्या विक्रीची सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, निघाली. ऑफिसातल्या मुलीने ती डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. डाळींचा एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, ०७१३. एक्सेलने तो आकडा समजून पुढचं शून्य टाकून दिलं, उरला ७१३. जीएसटीत एचएसएन कोड दोन, चार, सहा किंवा आठ आकडी असतात. तीन आकडी कोड नसतोच. शेजारच्या रकान्यात पार्टीचा सोळा आकडी बँक खातेक्रमांक होता. एक्सेल पंधरा आकड्यांपलीकडे अचूकता ठेवत नाही, म्हणून सोळावा आकडा शून्य झाला, आणि फाइल तशीच सेव्ह केली तर रकान्याचा फॉरमॅट कितीही बदलला तरी मूळ आकडा परत येत नाही. तारखांचा घोळ याहून वाईट. विंडोजमधली तारखेची पद्धत अमेरिकी राहिली असेल, तर ०३/०४/२०२५ हे ३ एप्रिलचं बिल ४ मार्चचं होतं, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं. १३/०४/२०२५ मध्ये तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती तारीख मजकूर होऊन पडून राहते आणि महिन्याच्या बेरजेत येत नाही.

हे ओळखायला एक साधी खूण आहे. एक्सेलमध्ये खऱ्या तारखा आपोआप उजव्या कडेला लागतात, मजकूर डाव्या कडेला. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की काम तिथेच थांबवायचं. दुरुस्तीची रीतही अवघड नाही: फाइल डबल क्लिक करायची नाही, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्यायचं, 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबायचं, एचएसएन आणि खातेक्रमांकाचे रकाने 'टेक्स्ट' करायचे, तारखेचा रकाना 'युजिंग लोकेल' वापरून भारतीय इंग्रजीवर न्यायचा. रकान्याचा प्रकार बदलताना जुनी पायरी बदलू की नवी जोडू असं विचारलं जातं, तिथे 'रिप्लेस करंट' निवडायचं. नाहीतर आधीच्या पायरीत शून्य गेलेलंच असतं आणि आपण बिनशून्याच्या आकड्याला मजकुराचं लेबल लावतो. मग ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज मूळ सॉफ्टवेअरच्या रिपोर्टशी जुळवायची. या शेवटच्या पायरीवर माझा सगळा भर आहे. बटणं दरवर्षी इकडची तिकडे होतात. आत गेलं तेवढंच बाहेर आलं का हे बघण्याची सवय मात्र एकदा लागली की कुठल्याही सॉफ्टवेअरवर चालते, आणि ती लावण्याचं वय पहिल्या वर्षाचंच आहे.

व्हीलुकअपचंही तसंच आहे. त्यातला चौथा भाग लिहिलाच नाही की एक्सेल तंतोतंत जुळणी न शोधता जवळची जुळणी घेतं. यादी क्रमाने लावलेली नसेल तर भलत्याच मालाचा दर येतो, आणि चूक झाल्याची कसलीही सूचना येत नाही. 'फॉल्स लिहायचं' हे पाठ करणारी मुलं पुष्कळ आहेत. पण जुळवायचं कशावर, हा त्याआधीचा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो. 'श्री गणेश ट्रेडर्स', 'गणेश ट्रेडर्स', 'गणेश ट्रेडर्स, पुणे' आणि शेवटी एक जागा सुटलेलं 'गणेश ट्रेडर्स ' ही माणसाला एकच पार्टी दिसते, यंत्राला चार. चार लेजर तयार होतात, उधारी चार ठिकाणी विखुरते, आणि वसुलीला गेलेला माणूस चुकीचा आकडा घेऊन जातो. पार्टीची ओळख नावावर ठेवायची की जीएसटी क्रमांकावर, जीएसटी क्रमांक नसलेल्या किरकोळ गिऱ्हाइकाची ओळख कशावर ठेवायची, हे आधी ठरवायला लागतं. डेटाबेसच्या पुस्तकात याला 'प्रायमरी की' म्हणतात आणि व्याख्या दोन गुणांना विचारतात. दुकानात त्यावर उधारी बुडते.

मोठ्या संस्था यातून सुटल्या आहेत असं कुणाला वाटत असेल, तर २०२० सालचा शरद ऋतू आठवावा. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने प्रयोगशाळांकडून येणारे कोविडचे निकाल जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलीत ओढले. त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी गळाल्या, आणि १५,८४१ बाधितांची नोंद आकडेवारीत आणि संपर्क शोधणाऱ्यांच्या हातात वेळेवर पोचली नाही. तिथे एक्सेल येणारी माणसं कमी होती का? किती ओळी आल्या आणि किती आत गेल्या, ही मोजणी त्या वाटेवर कुणी बसवलेली नव्हती.

एआयच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणंही हलकं नाही. फॉर्म्युले पाठ करण्याचे दिवस संपत आले हे खरं आहे. बिलाचा फोटो दिला की तारीख, बिल नंबर, करपात्र रक्कम, कर, सगळं रकान्यांत भरून देणारी साधनं हाताशी आली आहेत आणि चांगली चालतात. ती वर्गात वापरू देऊ नयेत, हा काही शिक्षकांचा आग्रह मला पटत नाही. पण त्या साधनाने काढून दिलेली नोंद बरोबर आहे हे कोण म्हणणार? तापकीर गल्लीतल्या एका दुकानाचं बिल समजा: करपात्र रक्कम १२,५००, त्यावर ९ टक्क्यांनी सीजीएसटी १,१२५, तेवढाच एसजीएसटी, एकूण १४,७५०. साधनाने १२,५०० चे ७२,५०० वाचले तर बेरीजच जुळत नाही, चूक लगेच सापडते. पण बिल नंबरातल्या शून्याच्या जागी त्याने इंग्रजी ओ वाचला तर बेरीज बिनचूक जुळते. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून तयार होणारं पत्रक, आलं की जुळवणीत ते बिल सापडत नाही. मग भरलेल्या कराची वजावट, म्हणजे २,२५० रुपयांचं क्रेडिट, अडकून राहतं, किंवा कुणीतरी तेच बिल बरोबर नंबराने दुसऱ्यांदा टाकतं.

जीएसटी क्रमांक मात्र स्वतःची तपासणी स्वतःबरोबर घेऊन फिरतो, आणि हा पहिल्या वर्षाला शिकवण्यासारखा सगळ्यात सुंदर धडा आहे. पंधरा अक्षरं. पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७. पुढची दहा पॅनची. तेरावं त्याच पॅनवरच्या त्या राज्यातल्या नोंदणीचं. चौदावं सहसा झेड. पंधरावं म्हणजे तपास-अंक, आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेला. ० ते ९ ला त्यांचीच किंमत, इंग्रजी ए ते झेडला १० ते ३५. डावीकडून आळीपाळीने १ आणि २ ने गुणायचं, प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची, त्या सगळ्या मिळवून पुन्हा ३६ ने भागायचं, उरलेली बाकी ३६ मधून वजा करायची; बाकी शून्य आली तर उत्तरही शून्य. जे येईल ते पंधरावं अक्षर. कागदावर दहा मिनिटांत होतं, एक्सेलमध्ये अर्ध्या तासात. ज्या मुलीने हे एकदा हाताने केलं, तिला तपास-अंक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. नंतर तिने तो फॉर्म्युला एआयकडून खुशाल लिहून घ्यावा. तो बरोबर आहे की नाही हे ताडायचं साधन तिच्या हातात आलेलं असतं.

साधनावरून भांडताना नोंदीकडे दुर्लक्ष होण्याची ही पहिली वेळ नाही. ऐंशीच्या दशकात बँकांत संगणक यावेत की नाही यावर मोठा संघर्ष झाला. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटनांचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. नोकऱ्या जातील ही संघटनांची भीती खोटी म्हणता येणार नाही, आणि त्यांनी ताणून धरलं म्हणूनच बदल टप्प्याटप्प्याने झाला. पण चर्चा यंत्र हवं की नको यातच अडकली. ग्राहकाच्या दृष्टीने खरा बदल आला तो पुढे, कोअर बँकिंगच्या वेळी, जेव्हा खातं शाखेच्या लेजरमधून उठून बँकेच्या मध्यवर्ती नोंदीत गेलं. कुठल्याही शाखेत पैसे काढता येऊ लागले ते त्यामुळे. नोंद कुठे राहते हे बदललं, मग कामाची सगळी घडी बदलली.

आणि नोंद सांभाळण्याची व्यवस्था शिकायला पुण्याच्या मुलांना परदेशाकडे बघायची गरज नाही. पेशवाईत मामलेदाराच्या कचेरीत दरकदार, म्हणजे एकेका कामाचे नेमलेले अधिकारी, असत. पोतदार नाणं पारखे, पोतनीस जमा आणि शिल्लक सांभाळे, फडणीस रोजकीर्द म्हणजे रोजच्या नोंदींची वही ठेवी, दफ्तरदार तिच्यावरून खतावणी म्हणजे खातेवार मांडणी करून गोषवारा हुजुरात, म्हणजे पेशव्यांच्या मुख्य कचेरीत, पाठवी, मजुमदार हिशेब तपासत असे. यांच्या नेमणुका सरकारातून होत. मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. पैसा घेणारा, लिहिणारा आणि तपासणारा वेगळा, आणि तपासणाऱ्याची खुर्ची वरिष्ठाच्या मर्जीवर नाही. त्या कारभाराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आजही पेशवे दप्तरात आहेत. आजच्या कुठल्याही अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'युजर', 'रोल' आणि 'राइट्स' म्हणून जे असतं, ते हेच. नाणं पारखणारा पोतदार म्हणजे आत येणारी नोंद दारातच तपासणारा पहारेकरी, असं वर्गात सांगून बघावं. पुण्यातल्या मुलाला ते एका वाक्यात कळेल. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं आहे, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. पण ऑफिसातली पाचही माणसं एकाच नावाने, एकाच पासवर्डने आत शिरत असतील, तर त्या नोंदीत बदल कुणी केला याच्यापुढे पाचही वेळा एकच नाव येतं. कायदा पाळला जातो, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

परवानगी कोण देतो हा प्रश्न किती महाग पडू शकतो, हे या शहराने ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिलं. कॉसमॉस बँकेवरच्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमवर बनावट कार्ड घातल्यावर खात्याची खात्री करणारा प्रश्न बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचायला हवा होता; तो मधेच उभ्या केलेल्या बनावट स्विचकडे, म्हणजे व्यवहार पुढे पोचवणाऱ्या यंत्रणेच्या नकलेकडे, वळवला गेला आणि होकार तिथूनच मिळत गेला. 'व्हायरस म्हणजे काय, प्रकार लिहा' या प्रश्नातून हे कधीच समजणार नाही. व्यवहाराची वाट कागदावर काढली, प्रत्येक वळणावर कोण विचारतो आणि कोण उत्तर देतो हे लिहिलं, तर पहिल्या वर्षाच्या मुलालाही समजतं.

पुणे हे आयटीचं शहर, इथे सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, इथल्या मुलांना रोजकीर्द-खतावणीत काय अडकवता, असंही ऐकू येतं. या अभिमानात मीही सामील आहे. पण हिंजवडीत जगभरच्या बँकांसाठी, विमा कंपन्यांसाठी आणि कारखान्यांसाठी जे काम चालतं, त्यात याच नोंदींचं काम किती आहे ते तिथल्या कुणालाही विचारावं. जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत डेटा हलवताना पार्ट्यांची आणि मालाची मास्टर यादी स्वच्छ नसली की प्रकल्प महिनोन् महिने रखडतो. तिथे कॉमर्सचा पदवीधर लागतो, आणि त्याला कोडिंगपेक्षा एकच माल दोन कोडांनी नोंदला गेला की साठा कसा फुगतो हे माहीत असावं लागतं.

राहता राहिली व्यवहार्यता. साठ मुलं, तीस मशिन, त्यातली काही बंद, आणि आठवड्याला दोन तास. शिक्षकांची ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे पैशाचं उत्तर नाही. पण वर सांगितलेल्यातलं निम्मं काम मशिनशिवाय होतं: तपास-अंक, व्यवहाराची वाट, कुणाला कुठला अधिकार याचं कोष्टक, पार्टीच्या नावांची छाननी. बॅकअपला मशिन लागतं, आणि तिथे एक तास पुरा द्यावा. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक जागेबाहेर, हा नियम सगळे सांगतात. परत आणून बघायला कुणी सांगत नाही. क्लाउडवर आपोआप जुळणारा फोल्डर म्हणजे बॅकअप असं मुलं धरून चालतात. खंडणीसाठी सोडलेल्या रॅन्समवेअरने मशिनवरच्या फाइली कुलूपबंद केल्या की त्या फोल्डरात त्याच कुलूपबंद फाइली जाऊन बसतात. जुन्या आवृत्त्या किती दिवस राखल्या जातात हे आधी पाहिलं नसेल, तर हातात काही उरत नाही. म्हणून तासाला मुलांनी बॅकअप घ्यायचा, मूळ फोल्डर काढून टाकायचा, आणि दुसऱ्या मशिनवर तो परत उभा करून शेवटच्या व्हाउचरचा क्रमांक आणि शिल्लक जुळवायची.

परीक्षाही त्याच धर्तीवर घेता येईल. दोनशे ओळींची मुद्दाम बिघडवलेली विक्रीची फाइल आणि सोबत बारा छापील बिलं. फाइलीत गेलेली शून्यं, उलटलेल्या तारखा, दोनदा आलेलं एक बिल, चुकीच्या तपास-अंकाचा एक जीएसटी क्रमांक. वेळ दोन तास, एआय वापरायला मोकळीक. प्रत्येक चुकीपुढे तीन गोष्टी लिहायच्या: ती कशी शिरली असेल, कशावरून पकडली, आणि दुरुस्ती कुणाच्या अधिकारात येते. एक ओळ अशीही ठेवावी जिचं बिल बारा बिलांत नाही आणि जिची रक्कम फाइलीतल्या कशावरूनच ठरवता येत नाही. ती न बदलता 'पार्टीला फोन करून बिलाची प्रत मागवावी लागेल' असं ज्याने लिहिलं, त्याला त्या ओळीचे पूर्ण गुण द्यावेत. अंदाजाने आकडा भरला, तर तो योगायोगाने बरोबर आला तरी शून्य.